विमानवाहतुकीचा कायदा कोठे आणि कसा शोधावा: खानापूर तालुक्यातील वाचकांसाठी

खानापूर तालुक्यातील माणसाला विमान गाठायचे असेल तर त्याच्यापुढे एकाहून अधिक वाटा असतात. जवळचे बेळगावचे सांबरा आणि त्यापलीकडचे हुबळी हे दोन विमानतळ कर्नाटकात आहेत, कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ महाराष्ट्रात आहे, आणि अनमोड किंवा चोर्ला घाट उतरून गेल्यावर लागणारे दाबोळी व मोपा हे दोन्ही विमानतळ गोव्यात आहेत. सीमाभागात सातबाऱ्यापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत प्रत्येक बाबतीत कोणत्या राज्याचा नियम लागू होतो हा प्रश्न इतका सवयीचा झालेला आहे की, विमानप्रवासात काही बिघडले तरी तोच प्रश्न आधी मनात येतो. विमानवाहतुकीपुरता मात्र त्याला आधार नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत २९ व्या नोंदीने हवाई मार्ग, विमाने व विमानतळ आणि ३० व्या नोंदीने हवाईमार्गे होणारी प्रवासी व मालवाहतूक हे विषय केंद्राकडे दिलेले असल्यामुळे सांबऱ्याला लागू असलेला कायदाच मोप्यालाही लागू असतो. बदलते ते फक्त दाद मागण्याचे ठिकाण, आणि त्या बाबतीत खानापूरच्या रहिवाशाची बाजू, पुढे दिसेल त्याप्रमाणे, बरीच भक्कम आहे.

या विषयाच्या अभ्यासात खरी अडचण कायदा सापडण्याची नसून कोणता कायदा वाचायचा हे ठरवण्याची आहे. विमानवाहतुकीचा कायदा एका ग्रंथात किंवा एका अधिनियमात सामावलेला नाही. त्याचे थर आहेत. सर्वांत वर आंतरराष्ट्रीय करार असतात, त्यांच्याखाली संसदेचे अधिनियम, अधिनियमाखाली केंद्र सरकारचे नियम, नियमाखाली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, काढलेल्या तांत्रिक व प्रशासकीय आवश्यकता, आणि सर्वांत खाली तिकिटासोबत येणारा कंपनीचा वाहतूक-करार, ज्याला कंपन्या वाहतुकीच्या अटी म्हणतात. न्यायालयांचे निर्णय या सर्व थरांतून आडवे जातात. म्हणून संशोधकाने कोणताही प्रश्न हाती घेताना आधी दोन गोष्टी निश्चित कराव्यात: तो प्रश्न कोणत्या थरातला आहे, आणि घटना घडली त्या तारखेला त्या थरातील कोणता मजकूर अंमलात होता. यांतील दुसरी गोष्ट विसरली गेली तर पहिली बिनचूक असूनही उत्तर चुकते.

तारखेचे महत्त्व मूळ अधिनियमाच्या उदाहरणावरूनच स्पष्ट होते. ग्रंथालयांतील जवळजवळ सर्व जुनी पुस्तके १९३४ च्या विमान अधिनियमापासून सुरुवात करतात. परंतु तो अधिनियम आता रद्द झालेला असून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आलेला आहे. याचा अर्थ जुन्या अधिनियमाखाली केलेले विमान नियम, १९३७ त्याच दिवशी संपले असा मात्र होत नाही, कारण नवीन अधिनियमातील निरसन व व्यावृत्तीच्या तरतुदीने, म्हणजे जुना कायदा रद्द करताना त्याखालील कृती व नियम कितपत टिकतील हे सांगणाऱ्या कलमाने, जुने नियम बदलले जाईपर्यंत चालू ठेवलेले आहेत. त्यामुळे अर्ज किंवा नोटीस लिहिताना अधिनियम नवा आणि नियम जुना असा संदर्भ द्यावा लागण्याचा प्रसंग येतो, आणि तो संदर्भ विसंगत दिसला तरी चुकीचा नसतो. अधिनियमांचा अद्ययावत मजकूर केंद्र सरकारच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर आणि अधिसूचना ई-राजपत्रावर विनामूल्य मिळतात. महाराष्ट्र शासनाने काढलेले केंद्रीय अधिनियमांचे प्राधिकृत मराठी पाठ समजून घेण्यास उपयोगी पडतात. तथापि वादाच्या प्रसंगी इंग्रजी मजकूर, आणि तोही दुरुस्त्यांसह, समोर ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रवाशाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वांत कमी वाचला जाणारा, अधिनियम म्हणजे हवाई वाहतूक अधिनियम, १९७२. मृत्यू, इजा, हरवलेले किंवा फुटलेले सामान, उशीर आणि मालाचे नुकसान यांबद्दल विमान कंपनीची जबाबदारी किती, हे तो ठरवतो. त्याच्या पहिल्या अनुसूचीत १९२९ चा वॉर्सा करार, दुसरीत त्याला १९५५ साली हेग येथे झालेली दुरुस्ती, आणि तिसरीत १९९९ चा माँट्रियल करार दिलेला आहे. भारत माँट्रियल करारात २००९ साली सामील झाला आणि ३० जून २००९ पासून तो भारतासाठी अंमलात आला. दोन्ही टोकांचे देश या करारात असतील तर त्यांच्यामधील प्रवासाला तोच लागू होतो. संयुक्त अरब अमिराती, कतार, ओमान, सौदी अरेबिया, कुवेत व बहरीन हे आखातातील देश त्यात असल्यामुळे नोकरीसाठी तिकडे गेलेल्या खानापूर, बेळगाव व निपाणी भागातील कुटुंबांना प्रत्यक्षात याच कराराशी काम पडते.

येथे एका मुद्द्यावर थांबणे आवश्यक आहे, कारण त्यावर भरपाईची रक्कम अनेक पटींनी बदलते. बेळगाव ते मुंबई आणि मुंबई ते दुबई असा प्रवास एखाद्याने केला आणि बेळगाव–मुंबई या टप्प्यातच त्याची बॅग फाटली, तर तो प्रवास देशांतर्गत धरावयाचा की आंतरराष्ट्रीय, हा प्रश्न उभा राहतो. माँट्रियल कराराच्या पहिल्या अनुच्छेदानुसार एकापाठोपाठ एक अशा अनेक टप्प्यांनी होणारी वाहतूक दोन्ही पक्षांनी एकच व्यवहार म्हणून मानली असेल, तर एखादा टप्पा पूर्णपणे एकाच देशात पार पडला एवढ्यावरून तिचे आंतरराष्ट्रीय स्वरूप जात नाही. म्हणजे एकाच आरक्षणावर बेळगाव ते दुबई असे तिकीट काढले असेल तर बेळगाव–मुंबई टप्प्यालाही आंतरराष्ट्रीय मर्यादा लागू होते. मात्र दोन तिकिटे स्वतंत्रपणे काढली असतील आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध दाखवता येत नसेल, तर पहिला टप्पा देशांतर्गत ठरण्याचीच शक्यता अधिक. देशांतर्गत प्रवासात हरवलेल्या वा खराब झालेल्या सामानासाठी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या २०१९ च्या प्रवासी सनदेत कमाल २०,००० रुपये दिलेले आहेत, तर माँट्रियल करारातील मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रतिप्रवासी १,५१९ विशेष आहरण हक्क इतकी आहे. विशेष आहरण हक्क हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक असून त्याचा रुपयातील दर रोज बदलतो, आणि तो नाणेनिधीच्या संकेतस्थळावर पाहता येतो. स्वस्त पडते म्हणून एजंटाकडून दोन वेगळी तिकिटे घेण्याची रीत आखाती प्रवासात सर्रास आढळते. तिची ही कायदेशीर किंमत तिकीट काढण्यापूर्वी प्रत्येकाला माहीत असली पाहिजे.

मर्यादांचे आकडे वाचतानाही तारीख पाहावी लागते. मूळ १९९९ च्या करारात सामानाची मर्यादा १,००० आणि मृत्यू वा शारीरिक इजेच्या बाबतीत पहिल्या टप्प्याची मर्यादा १,००,००० एकके होती. महागाईनुसार दर पाच वर्षांनी या मर्यादांचा आढावा घेण्याची तरतूद असल्यामुळे त्या क्रमाने वाढत गेल्या आणि २०२४ च्या अखेरीपासून दुसरा आकडा १,५१,८८० झाला. प्रवाशाला झालेल्या उशिराची मर्यादा ६,३०३ एकके आहे. हे वाढीव आकडे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, जाहीर करते, आणि भारतात ते अनुसूचीत आणण्यासाठी केंद्र सरकार अधिसूचना काढते; म्हणून आयकाओचा आकडा आणि भारतीय राजपत्रातील आकडा हे दोन्ही पडताळून मगच मागणी लिहावी.

मुदतींच्या बाबतीत हा करार कठोर आहे. नोंदवलेल्या सामानाचे नुकसान झाले असेल तर ते हाती आल्यापासून ७ दिवसांत, मालाचे नुकसान झाले असेल तर १४ दिवसांत, आणि सामान वा माल उशिरा मिळाला असेल तर तो ताब्यात आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार झालीच पाहिजे. जे सामान पोहोचावयास हवे होते त्या दिवसापासून २१ दिवसांतही आले नाही ते हरवले असे धरून हक्क मागता येतो. विमानतळावरच सामानाच्या काउंटरवर जो अहवाल भरून घेतात, ज्याला कर्मचारी ‘पीआयआर’ म्हणतात, त्याची प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडू नये, आणि त्याव्यतिरिक्त कंपनीला ईमेलनेही तक्रार पाठवावी. दावा दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची असून ती संपली की हक्कच नष्ट होतो. ग्राहक संरक्षण कायद्यात उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे हे खरे. तरी कराराखालील दाव्यात त्या अधिकारावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

आंतरराष्ट्रीय कराराइतका उंच थर गाठण्याची गरज नसलेले प्रश्न संख्येने अधिक असतात. विमान रद्द होणे, उशीर होणे किंवा आरक्षण असूनही जागा नाकारली जाणे, याला डीजीसीएच्या नागरी विमान वाहतूक आवश्यकतांतील विभाग ३, मालिका एम, भाग ४ लागू होतो. पुरेशी पूर्वसूचना न देता विमान रद्द केले तर प्रवासाचा वेळ एक तासापर्यंत असल्यास ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्याहून अधिक असल्यास १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे व इंधन आकार मिळून होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरपाई त्यात सांगितलेली आहे. आरक्षण असूनही जागा नाकारली आणि कंपनीने तासाभरात दुसऱ्या विमानाची सोय केली तर भरपाई नाही; २४ तासांच्या आत सोय केली तर कमाल १०,००० आणि त्याहून उशिरा केली तर कमाल २०,००० रुपये देय होतात. वरच्या वर्गाचे तिकीट असूनही खालच्या वर्गात बसवले गेल्यास देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम परत करण्याची तरतूद २०२३ साली त्यात घालण्यात आली. तिकीट रद्द केल्यावरच्या परताव्यासाठी याच मालिकेचा भाग २ आणि अपंग प्रवाशांसाठी भाग १ वाचावा. हे दस्तऐवज वारंवार सुधारले जात असल्यामुळे प्रत्येक प्रतीवरील आवृत्ती क्रमांक व तिची तारीख टिपून ठेवणे हा संशोधनाचाच भाग होय.

हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणाचे आदेश किंवा सुरक्षाविषयक कारणे अशा कंपनीच्या आवाक्याबाहेरील परिस्थितीत ही रोख भरपाई मिळत नाही. पावसाळ्यात सांबरा, कोल्हापूर व गोवा या तिन्ही बाजूंची उड्डाणे खराब दृश्यमानतेमुळे अडकत असल्याने हा अपवाद या भागातील प्रवाशाला पुन्हा पुन्हा ऐकवला जातो. त्याची व्याप्ती समजून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने ४ जुलै २०११ रोजी इंटरग्लोब एव्हिएशनच्या प्रकरणात दिलेला निर्णय मुळातून वाचावा. धुक्यामुळे झालेल्या उशिराबद्दल कंपनीला नुकसानभरपाईस जबाबदार धरता येत नाही असे म्हणत असतानाच, अडकलेल्या प्रवाशाला खाण्यापिण्यासारख्या किमान सोयी देण्याच्या कर्तव्यातून कमी भाड्याची विमानसेवा सुटत नाही, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. तिकिटावर एखाद्या दूरच्या शहरातील न्यायालयांनाच अधिकार असल्याची अट छापलेली असली तरी तिच्यामुळे स्थायी लोक अदालतीचा अधिकार जात नाही, हा त्याच निर्णयातील दुसरा मुद्दा खानापूरसारख्या ठिकाणच्या प्रवाशाला अधिक मोलाचा आहे.

दाद कोठे मागावी याचे उत्तर यातूनच सुरू होते. आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे आणि नंतर तिच्याच अपिली अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. केंद्राच्या ‘एअरसेवा’ या व्यवस्थेवर तिची नोंद करता येते, आणि त्या नोंदीचा क्रमांक पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतो. त्यानंतरचा सर्वांत सोयीचा मार्ग ग्राहक आयोगाचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते; त्यामुळे विमान दाबोळीचे असो, कंपनी दिल्लीची असो, खानापूरचा रहिवासी बेळगावच्या जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. १९८६ च्या जुन्या कायद्यात ही मुभा नव्हती. दिलेल्या मोबदल्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाचा अधिकार असतो, ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, आणि तक्रार ग्राहक आयोगांच्या ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावर घरबसल्याही दाखल करता येते. हवाई वाहतूक अधिनियमाखालचा दावा ग्राहक आयोगापुढे चालतो काय, ही शंका सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ट्रान्स मेडिटरेनियन एअरवेजच्या मालवाहतुकीच्या प्रकरणात दूर केलेली आहे. मराठी कागदपत्रांचे कन्नड वा इंग्रजी भाषांतर सुरुवातीलाच जोडल्यास तारखा वाया जात नाहीत. ज्याला वकील परवडत नाही त्याने तालुका विधी सेवा समितीकडे विचारणा करावी, तर तडजोडीची शक्यता असलेल्या एक कोटी रुपयांपर्यंतच्या प्रकरणात स्थायी लोक अदालतीचा विचार करावा. पुढे उच्च न्यायालयात जाण्याची वेळ आलीच तर बेळगाव जिल्ह्यासाठी धारवाडचे खंडपीठ आहे.

अपघाताच्या प्रकरणांचा अभ्यास वेगळ्या शिस्तीने करावा लागतो. दुबईहून येणारे एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे कोसळले आणि त्यात १५८ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या खटल्यांतून भारतात माँट्रियल कराराचा अर्थ प्रथमच तपशिलाने लावला गेला. प्रत्येक मृताच्या वारसाला कोणताही पुरावा न देता पहिल्या टप्प्याची पूर्ण रक्कम मिळालीच पाहिजे, हे म्हणणे केरळ उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०११ साली मान्य केले नाही. त्या टप्प्यापर्यंत कंपनीला जबाबदारी टाळता येत नाही एवढाच त्याचा अर्थ असून नुकसान किती झाले हे दाखवावेच लागते, असे त्याने ठरवले. दुसऱ्या एका कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०२० रोजी मृताच्या वेतनातील भत्तेही उत्पन्नात धरून सुमारे ७ कोटी ६४ लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. या दोन निर्णयांतील अंतर पुराव्याने पडलेले आहे. परदेशात नोकरी करणाऱ्या व्यक्तीचा नोकरीचा करार, वेतनपत्रके आणि बँकेचे उतारे यांच्या प्रती गावातील घरातही असाव्यात, हा सल्ला देताना जीव जड होतो. तरीही तो दिलाच पाहिजे, कारण ज्या घरावर असा आघात होतो त्या घराला नंतर हे कागद परदेशातून गोळा करण्याचे बळ उरत नाही. अपघाताचे तांत्रिक कारण विमान अपघात तपास विभागाच्या, म्हणजे एएआयबीच्या, अहवालात सापडते आणि हे अहवाल त्याच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. तपासाचा हेतू भविष्यातील अपघात टाळणे हा असतो, दोष वा उत्तरदायित्व ठरवणे हा नसतो, हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीविषयीच्या शिकागो कराराच्या १३ व्या परिशिष्टातील तत्त्व ध्यानात ठेवून तो वाचावा.

लग्नसमारंभाचे चित्रीकरण आणि शेतातील फवारणी यांमुळे ड्रोनचा कायदाही आता तालुक्यात पोहोचलेला आहे. त्यासाठी ड्रोन नियम, २०२१ आणि ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरील हिरव्या, पिवळ्या व लाल क्षेत्रांचा नकाशा पाहावा. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही, परंतु व्यवसायासाठी त्याहून जड ड्रोन उडवणाऱ्याला ते लागते. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी हा स्वतंत्र विषय आहे.

निर्णय शोधण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे ‘ई-एससीआर’ आणि उच्च न्यायालयांची संकेतस्थळे विनामूल्य आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाचे काही निर्णय मराठी व कन्नड भाषांतरातही मिळतात. करारात कोणता देश कधी सामील झाला याची सूची आयकाओ ठेवते. ग्रंथालयाचा आधार हवा असल्यास १९३९ साली स्थापन झालेले बेळगावचे राजा लखमगौडा विधी महाविद्यालय सर्वांत जवळ आहे आणि त्यानंतर हुबळीचे कर्नाटक राज्य विधी विद्यापीठ येते. पदवीनंतर या विषयात शिकू इच्छिणाऱ्याने हैदराबादच्या नालसार विद्यापीठाचे विमानवाहतूक कायद्याचे अभ्यासक्रम पाहावेत. परदेशी ग्रंथांत शॉक्रॉस व बोमाँट यांचा हवाई कायद्यावरील ग्रंथ प्रमाण मानला जातो, पण तो महाग आहे; लेखांसाठी अमेरिकेतून १९३० पासून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ एअर लॉ अँड कॉमर्स’चे जुने अंक मोफत वाचता येतात.

जे कोठेच छापलेले नसते त्यासाठी दोन मार्ग उरतात. संसदेतील प्रश्नोत्तरांत एखाद्या विमानतळाविषयी वा मार्गाविषयी मंत्र्यांनी दिलेली उत्तरे लोकसभा व राज्यसभेच्या संकेतस्थळांवर विषयानुसार शोधता येतात. ‘उडान’ या प्रादेशिक हवाई जोडणीच्या योजनेखाली बेळगावला दिलेल्या मार्गांचा मागोवा तेथे घेता येतो. दुसरा मार्ग माहिती अधिकाराचा. खासगी विमान कंपन्या या कायद्याखाली येत नाहीत, आणि २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया खासगी मालकीत गेल्यापासून तीही त्यांतच जमा झाली. परंतु सार्वजनिक प्राधिकरणाला इतर कायद्यांखाली खासगी संस्थेची जी माहिती मागवता येते ती माहितीच्या व्याख्येतच अंतर्भूत असल्यामुळे, एखाद्या कंपनीने डीजीसीएला सादर केलेली माहिती डीजीसीएकडे १० रुपयांच्या अर्जाने मागता येते. अर्जात मोघम चौकशी न करता उड्डाण क्रमांक, तारीख आणि ज्या आवश्यकतेखाली ती माहिती सादर होणे बंधनकारक आहे तिचा विभाग, मालिका व भाग लिहिल्यास, अर्ज संदिग्ध असल्याचे कारण सांगून तो परत करणे माहिती अधिकाऱ्याला अवघड जाते.